दिव्याची पुढची गोष्ट

दर १२ मे रोजी आम्ही नर्सेस दिवे लावून फ्लॉरेन्स नाईटिंगेलच्या नावाने शपथ घेतो. जोयडा तालुक्यातल्या, काळी नदीकाठच्या गावातली मी. पहिल्यांदा तो दिवा हातात घेतला तेव्हा वाटलं होतं, आपणही अशाच न दमता रात्रभर वॉर्डात फिरू. आठ वर्षांनी मात्र नाइट संपवून जंगलातल्या रस्त्याने बसने घरी पोचले की जेवायचंही त्राण उरेना. माझ्याच पाळीतली एक सिस्टर लागोपाठ ड्यूट्या करूनही हसतमुख. वाटायचं, खोट माझ्यातच आहे. म्हणून त्या दिवेवालीचं चरित्र नीट वाचायला घेतलं.

१८२० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, श्रीमंत इंग्रज घरात ती जन्मली. नर्सचं काम तेव्हा हलकं समजत; घरच्यांनी अनेक वर्षं अडवलं. तरी १८५१ मध्ये जर्मनीतल्या कैसर्सवर्थ इथे ख्रिस्ती सेविकांच्या संस्थेत ती शिकली. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. तिथे जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त शिपाई मरत होते. १८५५ मध्ये तापाने ती स्वतःच मरता मरता वाचली, पण युद्ध संपेपर्यंत हलली नाही.

इथवरची गोष्ट आम्हाला शिकवलेली. पुढची नव्हती.

१८५६ मध्ये ती परतली आणि पुढच्याच वर्षी कोसळली. वय अवघं ३७. नंतरची कित्येक वर्षं बहुतेक खोलीत, अंथरुणावर गेली. भेटायला आलेल्यांनाही ती परत पाठवायची. म्हणजे युद्धातला तो दिवा तिने हाती धरला दोन वर्षांहूनही कमी! मग अंथरुणावरूनच तिने मृत्यूंचे आकडे मांडले, पुस्तक लिहिलं, हिंदुस्थान कधी न पाहता इथल्या फौजेच्या आरोग्याचा अभ्यास केला. १८६० मध्ये लोकांनी तिच्या नावाने जमवलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा निघाली. रोजचा कारभार मात्र मेट्रन सारा वॉर्डरोपर यांनी सांभाळला. एकीला झेपलं नाही ते दुसरीने केलं. त्यात कमी कुणीच ठरलं नाही. १९१० मध्ये, वयाच्या ९०व्या वर्षी ती गेली.

पुस्तक मिटलं आणि धीर करून वरिष्ठ सिस्टरांना सांगितलं, सध्या रात्रपाळी झेपत नाही. त्यांनी महिनाभर ओपीडीत काम दिलं.

ती हसतमुख सिस्टर परवा कपडे बदलायच्या खोलीत एकटीच रडताना दिसली. शेजारी बसले. बऱ्याच वेळाने तिला हीच गोष्ट सांगितली.