इरावती कर्वे

इरावती दिनकर कर्वे (१५ डिसेंबर, १९०५ - ११ ऑगस्ट, १९७०) या मानवी आनुवंशिकता व समाजरचना यांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ आणि मराठी लेखिका होत्या.

शिक्षण

त्यांचा जन्म ब्रह्मदेशात झाला. इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर हे त्यांचे पती होत.

१९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमता वंशानुसार बदलते, अशी मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची धारणा होती. मोजमापांत तसा संबंध आढळला नाही. मार्गदर्शकाचा रोष पत्करूनही त्यांनी प्रबंधात तेच नोंदविले. पुढे फिशर नाझी वंशवादाचे समर्थक ठरले.

संशोधन

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. महाराष्ट्रातील विविध जातींची शरीरमापने त्यांनी घेतली. कुंभारांसारख्या एकाच नावाच्या जातीतील पोटजाती शारीरिकदृष्ट्या भिन्न आढळल्या. त्यावरून, एका जातीची शकले होऊन पोटजाती झाल्या नसून स्वतंत्र अंतर्विवाही गट एका व्यवसायनामाखाली आले, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

लेखन

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरच्या वारीत त्या चालल्या. एकाच दिंडीत भजन एकत्र, पण जेवणाच्या पंगती जातीनुसार वेगळ्या, ही विसंगती त्यांनी 'वाटचाल' या लेखात टिपली. 'युगान्त'साठी त्यांना १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.