डॉ. अनिता अवचट आणि मुक्तांगण

आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे मोहाची दारू नवी नाही. पोळा असो की बागेतल्या संत्र्यांचा सौदा, बाटली मध्ये येतेच. आणि ख्रिस्ती घरे ह्यातून सुटली आहेत असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मंडळीत असा कोणी असला की आपण त्याच्याकडून शपथ घेववितो आणि तो पुन्हा घसरला म्हणजे त्याच्या घरी जाणे सोडून देतो. अशा घसरलेल्या माणसासाठी ज्यांनी दार उघडे ठेवले, त्या पुण्याच्या डॉ. अनिता अवचट ह्यांची ओळख आज करून देत आहोत. त्या आपल्या मंडळीच्या नव्हत्या. शोमरोनीही आपल्यातला नव्हता.

अनिताबाई मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करीत. पती डॉ. अनिल अवचट ह्यांनी डॉक्टरकी सोडून लेखन धरले, तेव्हा संसाराचा भार बाईंच्या पगारावर होता. पुढे अनिलरावांनी गर्द ह्या विषारी पुडीने नासलेल्या तरुणांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या त्याच रुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. गर्दसाठी उघडलेल्या ह्या दारातून दारूचे रोगीही येऊ लागले.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फार पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टर आणि औषध लागतेच. केवळ प्रार्थनेवर त्याला घरी कोंडून ठेवणे हा विश्वास नव्हे, धोका आहे. परंतु शरीरातली दारू उतरली तरी मनातली उतरत नाही, आणि बाईंचे खरे काम तेथून पुढे सुरू होई. पहाटे उठणे, योगासने, ध्यान, झाडलोट, एकत्र बसून आपली कहाणी न लपविता सांगणे, हाच तेथला उपचार. येणाऱ्याला तेथे रोगी न म्हणता रुग्णमित्र म्हणतात. बरे झालेल्यांपैकी कित्येकांना बाईंनी तेथेच कामाला लावले. बाटलीच्या तळापर्यंत जाऊन परतलेल्याचे बोलणे नवा माणूस जसे ऐकतो तसे आम्हा प्रचारकांचे ऐकत नाही, हे आम्ही पाहिले आहे. पिणाऱ्याबरोबर त्याची बायकोही खचलेली असते. तिच्यासाठी सहचरी नावाचा गट निघाला. आम्हाला तर ह्या सर्वांत तोच मोठा वाटतो.

दारुड्याने दारुड्याला सावरण्याची ही रीत अमेरिकेतल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची. १९३५ साली अॅक्रन गावी बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ ह्या दोघा मद्यपींनी ती सुरू केली. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप ह्या ख्रिस्ती चळवळीच्या सहवासात आलेले होते आणि पापकबुली व नुकसानभरपाई हे धडे तेथूनच आले. म्हणजे जे मूळचे आपल्याच घरातले, ते आपण बाहेरच्यांकडून पुन्हा शिकत आहोत.

अनिताबाईंना कर्करोगाने गाठले होते. तशाही स्थितीत त्यांनी मुक्तांगण वाढविले. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. काम मात्र थांबले नाही. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर ह्यांनी ते पुढे चालविले.

पुणे आपल्याला लांब पडते. पण अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा नागपूरलाही भरतात. त्यांना फी नाही, औषध नाही. लागते ती एक खोली आणि आठवड्यातला एक तास. आमच्या शब्बाथशाळेची खोली सहा दिवस कुलपात असते.