टेबलावरचे जग : केकी मूस

सहलीत कोणाच्या हाती कॅमेरा दिसला की आपण त्याला एखादा स्नॅप घ्यायला सांगतो. हा शब्द मुळात शिकाऱ्यांचा. सावज दिसताच, नीट नेम न धरता झाडलेली गोळी म्हणजे स्नॅपशॉट. १८८८ साली ईस्टमनने शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला आणि ही शिकार कोणालाही करता येऊ लागली. तिच्या अगदी दुसऱ्या टोकाला आयुष्य वेचणारा कलावंत मात्र आपल्याच खानदेशात, चाळीसगावात होऊन गेला.

कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत, एका पारशी कुटुंबात झाला. इंग्लंडात व्यापारी कला आणि छायाचित्रण शिकून १९३८ च्या सुमारास ते चाळीसगावच्या घरी परतले, ते जवळजवळ कायमचेच. पुढे सुमारे पन्नास वर्षे त्यांनी उंबरठा क्वचितच ओलांडला. मुंबईहून यायचे वचन दिलेल्या प्रेयसीसाठी ते रोज रात्री मेलची वाट पाहत, असे सांगतात. लोक या कथेपाशीच थांबतात, याचे वाईट वाटते.

घरात बसून चित्रे काढायची ती कशाची? मूस यांनी टेबलावरच देखावे मांडले. टेबल-टॉप छायाचित्रण हा सारा प्रमाणाचा आणि प्रकाशाचा खेळ. वीतभर जागेत डोंगर, वाट, झोपडी उभी करायची. दिवा बोटभर सरकला तरी सकाळची संध्याकाळ होते. जवळचे आणि दूरचे सारखेच स्पष्ट यावे म्हणून भिंगाचे छिद्र अगदी बारीक करायचे. मग उजेड अपुरा पडतो, म्हणून झडप बराच वेळ उघडी ठेवायची. स्नॅपमध्ये कोणाची सायकल, कोणाचा अर्धा हात, वाऱ्याने उडालेला पदर न बोलावता येतो, आणि पुष्कळदा चित्रात जीव येतो तो त्यामुळेच. स्टुडिओत ताठ बसवलेल्या नवरानवरीचीसुद्धा पापणी ऐन वेळी लवते! टेबलावर मात्र न बोलावलेले काही येत नाही. तिथे क्षण सापडत नाही, तो घडवावा लागतो.

एवढ्या वर्षांत ते दोनदाच बाहेर पडले, असे म्हणतात. एकदा आईच्या निधनामुळे औरंगाबादला. दुसऱ्यांदा चाळीसगाव स्टेशनवर, विनोबांचे छायाचित्र घ्यायला. फलाटावर उजेड आपल्या हातचा नसतो, गर्दी नसते, गाडी तर नाहीच. सगळे हवे तसे मांडून घेणारा हा माणूस तिथे कॅमेरा घेऊन उभा राहिला, याचे मला त्यांच्या एकांतवासाहून अधिक नवल वाटते.

३१ डिसेंबर १९८९ रोजी ते गेले. त्यांचे घर आणि चित्रे चाळीसगावला जपून ठेवलेली आहेत. रावेरहून मुंबईकडे जाणारी गाडी भुसावळ, जळगाव करीत त्याच स्टेशनावरून पुढे जाते.