दोन मातींचे सारोयान

मातृभूमी म्हणजे आपले जन्मगाव, की वाडवडिलांचे? अमेरिकी कथाकार व नाटककार विल्यम सारोयान यांना या प्रश्नाने जन्मभर सोडले नाही.

त्यांचे आर्मेनियन आई-वडील ऑटोमन साम्राज्यातील बितलिसचे. त्यांनी अमेरिका गाठल्यानंतर ३१ ऑगस्ट १९०८ रोजी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे विल्यम यांचा जन्म झाला. १९११ मध्ये पितृछत्र हरपले आणि भावंडांना काही वर्षे ओकलंडच्या अनाथालयात काढावी लागली. पुढे फ्रेस्नोत परतल्यावर त्यांनी घरोघरी तारा पोहोचविण्याचे काम केले. तिकडे १९१५ च्या नरसंहारात बितलिसमधील आर्मेनियन समाज नष्ट झाला. परतीची वाटच उरली नाही.

सारोयान यांनी लेखन इंग्रजीतून केले, मात्र त्यांच्या कथांतून नांदले ते फ्रेस्नोच्या द्राक्षमळ्यांतील आर्मेनियन गणगोत. धनिकांनी कलेचे मोल ठरवू नये, या भूमिकेतून त्यांनी १९४० चे पुलित्झर पारितोषिक नाकारले.

१९६४ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांनी तुर्कस्तानातील बितलिस प्रथमच पाहिले. गाव होते, आपली माणसे नव्हती.

१८ मे १९८१ रोजी फ्रेस्नोत त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थींचा अर्धा भाग तेथेच राहिला. उरलेला तत्कालीन सोव्हिएत आर्मेनियाची राजधानी येरेवान येथील कोमितास स्मारकस्थळी विसावला. ज्या बितलिससाठी मन झुरले, ते मात्र दोन्ही देशांच्या सीमांबाहेरच राहिले.