राजा परांजपे

राजा परांजपे (२४ एप्रिल १९१० – ९ फेब्रुवारी १९७९) हे मराठी चित्रपटांचे दिग्दर्शक, निर्माते व अभिनेते होते. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्यासह त्यांनी मराठी बोलपटाला विनोदी व कौटुंबिक चित्रपटांची एक सशक्त परंपरा दिली. ‘पाठलाग’ (१९६४) हा त्यांचा रहस्यपट मात्र त्या परंपरेपेक्षा वेगळा वाटतो.

प्रारंभीचे जीवन

परांजपे यांचा जन्म मिरज येथे झाला. तरुणपणी मूकपटांच्या खेळांना ते वाद्यांची साथ करीत असत. पडद्यावरील प्रसंग पाहून त्याच क्षणी सुरांनी त्याचा भाव सांभाळायचा, हे त्या कामाचे स्वरूप होते. केशवराव दाते यांच्या सहवासात त्यांना रंगभूमीचा अनुभव मिळाला.

मिरजेहून जवळच असलेले कोल्हापूर त्या काळी चित्रपटव्यवसायाचे मोठे केंद्र होते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने तेथे पाया घातला होता. ‘प्रभात’ची स्थापनाही १९२९ मध्ये तेथेच झाली. ती कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली, तरी कोल्हापुरातील चित्रनिर्मिती थांबली नाही. पेंटर यांनी शालिनी सिनेटोनसाठी काढलेल्या ‘सावकारी पाश’ (१९३६) या बोलपटात परांजपे यांनी भूमिका केली. पुढे भालजी पेंढारकर यांच्या हाताखाली त्यांना दिग्दर्शनाचे शिक्षण मिळाले. पात्रांच्या बोलण्यावर आणि मुद्रेवर भिस्त ठेवणारी त्यांची शैली या कोल्हापुरी उमेदवारीत घडली, असे म्हणण्यास हरकत नाही.

दिग्दर्शक म्हणून

‘जिवाचा सखा’ (१९४८) या चित्रपटापासून माडगूळकर, फडके आणि परांजपे हे त्रिकूट जमले. ‘पुढचं पाऊल’ (१९५०) मध्ये पु. ल. देशपांडे यांची प्रमुख भूमिका होती. १९५२ साली आलेल्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये ठरलेल्या मुदतीत एक लाख रुपये खर्च करण्याची अट घालून मोठी धमाल उडवून दिली आहे. त्याच वर्षीच्या ‘पेडगावचे शहाणे’ या चित्रपटाचे नाव वेड पांघरून पेडगावला जाण्याच्या वाक्प्रचारावर बेतलेले आहे. त्याची ‘चाचा चौधरी’ (१९५३) ही हिंदी आवृत्तीही परांजपे यांनीच दिग्दर्शित केली.

‘ऊनपाऊस’ (१९५४) या चित्रपटात म्हातारपणी मुलांच्या घरी परके झालेल्या शिक्षकाची भूमिका त्यांनी स्वतः केली; पत्नीच्या भूमिकेत सुमती गुप्ते होत्या. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) मध्ये भटक्या नायकाला भेटणारी अंध तरुणी सीमा यांनी साकारली. ‘हा माझा मार्ग एकला’ (१९६३) या चित्रपटात बालवयातील सचिन यांचे दर्शन घडले. या चित्रपटास मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पाठलाग

जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारित ‘पाठलाग’मध्ये काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या प्रमुख भूमिका आहेत. एका वकिलाची पत्नी मरण पावते. तिचे अंत्यसंस्कार त्याने स्वतः केलेले असतात. काही काळाने पोलीस एका स्त्रीला गुन्हेगार म्हणून पकडतात. ती हुबेहूब त्या मृत पत्नीसारखी दिसते आणि आपण वकीलसाहेबांची पत्नी असल्याचे ठामपणे सांगते. पती-पत्नींनाच ठाऊक असाव्यात अशा गोष्टी ती न्यायालयात उघड करते. तरीही तिच्यावर विश्वास ठेवावा, तर आपण अग्नी दिला तो कोणाला, हा प्रश्न वकिलापुढे उभा राहतो.

अखेरीस उलगडते ते असे: मरण पावली ती पत्नीची जुळी बहीण. खरी पत्नी बहिणीच्या नावाने गुन्हेगारांच्या आणि नंतर कायद्याच्या तावडीत सापडलेली असते. जुळ्यांची युक्ती कथावाङ्मयात नवी नाही. परांजपे यांचे कौशल्य ती लपविण्यात नाही. ते न्यायालयातील प्रसंगांत दिसते. तेथे आरोपी स्त्रीला निर्दोषत्वापेक्षा स्वतःची ओळख सिद्ध करायची आहे आणि ती ओळखू शकेल असा एकच माणूस समोर उभा राहून तिला नाकारतो आहे. ‘ऊनपाऊस’मधील आईवडिलांचे दुःखही याच जातीचे होते. त्यामुळे हा रहस्यपट त्यांच्या कौटुंबिक चित्रपटांपासून वरवर दिसतो तितका दूर नाही.

गीते माडगूळकरांचीच असली, तरी या वेळी संगीत फडके यांचे नव्हते. ते दत्ता डावजेकर यांनी दिले. आशा भोसले यांनी गायिलेली यातील गीते आजही ऐकली जातात. पत्नीच्या तोंडचे एक गीत कथेत पुन्हा ऐकू येते, तेव्हा ते प्रेमगीत न राहता साक्षीसारखे वाटू लागते. ‘पाठलाग’लाही मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

या कथेवर तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ (१९६५) आणि हिंदीत राज खोसला दिग्दर्शित ‘मेरा साया’ (१९६६) हे चित्रपट निघाले. साधना व सुनील दत्त यांच्या भूमिका आणि मदनमोहन यांचे संगीत यांमुळे ‘मेरा साया’ देशभर गाजला. मूळ मराठी चित्रपटाचे आणि त्याच्या दिग्दर्शकाचे नाव त्या मानाने महाराष्ट्राबाहेर फारसे पोहोचले नाही.

उत्तरकाळ

‘पाठलाग’नंतर परांजपे यांनी ‘पडछाया’ (१९६५) व ‘गुरुकिल्ली’ (१९६६) हे चित्रपट दिग्दर्शित केले. माडगूळकरांचे डिसेंबर १९७७ मध्ये निधन झाले. त्यानंतर सुमारे चौदा महिन्यांनी, ९ फेब्रुवारी १९७९ रोजी, परांजपे यांचेही निधन झाले.