मित्राच्या ड्रायव्हरने पहिली स्पर्धा जिंकली, पुढे स्वतःच्या कारखान्यातला लाखभर डॉलरचा माल भंगारात काढला

मार्च १९४०. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं पाइनहर्स्ट. तिथं नॉर्थ अँड साउथ ओपन ही गोल्फची मानाची स्पर्धा भरली होती.

त्यात २७ वर्षांचा एक खेळाडू उतरला होता. व्यावसायिक होऊन दहा वर्षं झालेली, पण एकट्याच्या बळावर जिंकलेली एकही व्यावसायिक स्पर्धा नावावर नाही. स्पर्धेआधी त्याच्या जुन्या मित्राने, बायरन नेल्सनने, आपल्याजवळचा एक ड्रायव्हर त्याला दिला. वजन १४ औंस, म्हणजे जेमतेम ४०० ग्रॅम.

त्या ड्रायव्हरने तो ही स्पर्धा जिंकला. लगेच पुढच्या ग्रीन्सबरो आणि ॲशव्हिलच्या स्पर्धाही त्यानेच मारल्या. दहा वर्षांत जे जमलं नव्हतं ते दोन आठवड्यांत तीनदा झालं.

या खेळाडूचं नाव होतं बेन होगन.

आता हा ड्रायव्हर म्हणजे काय ते आधी बघू. गोल्फच्या बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यातला सगळ्यात लांब आणि चेंडू सगळ्यात दूर मारणारा क्लब म्हणजे ड्रायव्हर. त्या काळात त्याचं डोकं लाकडाचं असायचं. लाकूड पर्सिमनचं, म्हणजे आपल्याकडे ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या तेंदूच्या जातकुळीतलं.

होगनचं सगळं दुखणं याच क्लबपाशी होतं.

त्याचा जन्म १९१२ चा, टेक्सासमधला. वडील लोहार होते. १९२२ मध्ये वडिलांनी आत्महत्या केली तेव्हा बेन नऊ वर्षांचा होता. घरात पैसा नव्हता. मुलांना हाताला मिळेल ते काम करावं लागलं. बेन अकराव्या वर्षी फोर्ट वर्थच्या ग्लेन गार्डन क्लबमध्ये कॅडी झाला, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहू लागला. नेल्सनही तिथंच कॅडी होता. दोघांची ओळख तेव्हापासूनची.

१७ व्या वर्षी बेन व्यावसायिक झाला, पण त्याचा चेंडू सरळ जाईना. मारला की हवेत डावीकडे वळायचा आणि झाडीत जायचा. उजव्या हाताच्या खेळाडूच्या अशा फटक्याला हुक म्हणतात. पैसे संपायचे, घरी परतायचं, पैसे साठवायचे, पुन्हा दौऱ्यावर निघायचं, असं बरीच वर्षं चाललं. १९३८ मध्ये ओकलंडच्या स्पर्धेवेळी तर त्याच्या गाडीची चाकंही चोरीला गेली.

मग असं व्हायचं का?

चेंडूला क्लब लागतो त्या क्षणी क्लबचा पुढचा सपाट भाग, म्हणजे फेस, कुठे बघतोय आणि क्लब कुठल्या दिशेने फिरतोय, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. फिरण्याच्या दिशेपेक्षा फेस डावीकडे वळलेला असेल तर चेंडूला तिरकी फिरकी मिळते आणि तो डावीकडे जातो. ड्रायव्हरचा फेस जवळपास उभा असतो. त्यामुळे इतर क्लबमध्ये खपून जाणारी चूक ड्रायव्हरमध्ये झाकत नाही.

होगनने दोन बाजूंनी काम केलं. एक म्हणजे क्लब.

त्याच्या क्लबचा फेस मुळातच थोडा उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा असायचा. फटक्यात तो डावीकडे वळला तरी सरळ रेषेच्या पलीकडे जाऊ नये हा हिशोब.

दुसरं म्हणजे लाय. दांडा जमिनीशी जो कोन करतो त्याला लाय म्हणतात. हा कोन जास्त उभा असेल तर चेंडू डावीकडे जायला मदत होते. होगनचे क्लब नेहमीपेक्षा चपटे असायचे.

तिसरं म्हणजे दांडा. जोरात फिरवणाऱ्याच्या हातात मऊ दांडा वाकतो आणि डोकं हातांच्या पुढे पळून फेस बंद करू शकतं. होगनचे दांडे इतके कडक असायचे की साध्या खेळाडूला ते लोखंडी गजासारखे वाटावेत.

चौथी गोष्ट ग्रिपची. ग्रिपच्या आत लांबीला एक उंचवटा असायचा, तोही नेहमीच्या जागेवरून किंचित सरकवलेला. बोटांना तो लागला की हात न बघता दरवेळी त्याच ठिकाणी बसायचे.

पण एवढ्याने भागलं नाही. १९४० ते १९४२ अशी तीन वर्षं तो कमाईत पहिला राहिला, तरी हुक अधूनमधून डोकं वर काढायचाच. शेवटी १९४६ च्या सुमारास त्याने दुसरी बाजू हातात घेतली. ती म्हणजे स्वतःचा स्विंग. डाव्या हाताची पकड त्याने बदलली आणि क्लब मागे नेताना मनगटाची ठेवणही बदलली. यामुळे जोर लावूनही फेस वेळेआधी बंद होईना. हे गुपित त्याने १९५५ मध्ये लाइफ मासिकातून उघड केलं.

१९४६ मध्ये पीजीए चॅम्पियनशिप आणि १९४८ मध्ये यूएस ओपन त्याच्या नावावर झाली.

आणि मग २ फेब्रुवारी १९४९ उजाडला. टेक्सासमध्ये दाट धुक्यात समोरून आलेल्या बसने त्याच्या गाडीला धडक दिली. बायकोला वाचवायला तो तिच्या अंगावर झेपावला आणि त्यातच त्याचाही जीव वाचला. पण कमरेचं हाड, गळपट्टीचं हाड, घोटा, बरगडी असं बरंच काही मोडलं. पुढे रक्ताच्या गाठी झाल्या म्हणून मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. चालता येईल का, इथपासून शंका होती.

सोळा महिन्यांनी, पायांना पट्ट्या बांधून त्याने १९५० ची यूएस ओपन जिंकली. १९५३ मध्ये मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन अशा तिन्ही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. एकूण मेजर झाल्या नऊ.

त्याच वर्षी त्याने फोर्ट वर्थमध्ये क्लब बनवायचा स्वतःचा कारखाना काढला. पहिला माल तयार झाला आणि तो होगनच्या मनाला येईना. सुमारे १ लाख डॉलरचे क्लब त्याने विकायचे नाकारले आणि भंगारात काढले. धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणाच. पण काही अंशांच्या फरकाने आयुष्याची दहा वर्षं खाल्ली, हे ज्याने भोगलंय तो दुसऱ्याच्या हातात चुकीचा क्लब कसा देईल?

२५ जुलै १९९७ ला होगन गेला. आज बऱ्याच ड्रायव्हरचं डोकं टायटॅनियमचं असतं आणि छोट्या पान्याने त्याचा कोन बदलता येतो. नियमांनी २००८ पासून याला मोकळीक दिली, फक्त खेळ सुरू असताना सेटिंग बदलायचं नाही. साधारणपणे लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, वाढवला की फेस थोडा बंद होतो आणि कमी केला की उघडतो. काही ड्रायव्हरमध्ये वजनही सरकवता येतं. ते टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला नेलं की चेंडू डावीकडे वळायला मदत होते आणि टोकाकडे नेलं की उलटं.

पण इथंच होगनची गोष्ट उपयोगी पडते. हौशी खेळाडूंपैकी बहुतेकांचा चेंडू उजवीकडे वळतो, म्हणजे होगनच्या बरोबर उलट. अशा माणसाने होगनचा उघडा, चपटा, कडक ड्रायव्हर उचलला तर चेंडू आणखी उजवीकडे जाईल. सचिनची जड बॅट घेतली म्हणून कुणी सचिन होत नाही, तसंच हे.

म्हणून पान्याला हात लावण्याआधी दहा-पंधरा चेंडू मारून बघा आणि चेंडू बहुतेक वेळा कुठे चुकतो ते लिहून ठेवा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा तेवढेच मारा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

आणि एवढं करूनही चूक उरलीच, तर ती पान्याने जाणार नाही. होगनलाही शेवटी हातच बदलावे लागले होते.