दोन झुपक्यांची माशी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वसंत ऋतू आला की स्ट्राइप्ड बास नावाचा मासा अंडी घालण्यासाठी समुद्रातून नद्यांमध्ये शिरतो. रुपेरी अंग, त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेले सात-आठ काळसर पट्टे. खाडी आणि समुद्र दोन्हीकडे वावरणारा, ताकदवान आणि चवीला उत्तम. आपल्याकडच्या जिताड्याची आठवण व्हावी असा. चेसापीक उपसागराच्या काठी त्याला रॉकफिश म्हणतात. हा मासा आपल्या हाताने बांधलेल्या 'माशी'वर धरावा, यासाठी हिवाळ्याच्या रात्री टेबलाशी बसून हरणाचे केस आणि दोरा घेऊन खटपट करणारे हौशी लोक तिकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या या छंदामागे ज्या माणसाची पुण्याई आहे, त्याचे नाव जोसेफ ऊर्फ जो ब्रुक्स.

ही माशी म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. गळावर पिसे, केस आणि जर अशा रीतीने बांधायची की पाण्यात तो गळ किडा किंवा लहान मासळी वाटावा. इंग्रजीत तिला फ्लाय म्हणतात आणि समुद्रासाठी बांधलेली फ्लाय मासळीसारखी दिसत असली तरी नाव तेच राहते. तिला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. ती दूर फेकली जाते ती जाड दोरीच्या वजनावर, आणि ही फेक साधायला सराव लागतो. त्यामुळे हा खेळ नदीकाठच्या निवांत, सुखवस्तू ट्राउटप्रेमींचा, असा समज दीर्घकाळ रूढ होता. समुद्रात फ्लायने मासे धरणारे ब्रुक्स यांच्या आधीही होते. पण ते अपवाद, आणि बहुतेक आपापल्या कोपऱ्यात. ही गोष्ट चारचौघांना जमेल, हे लोकांना पटवून दिले ते ब्रुक्स यांनी.

त्यांचा जन्म १९०१चा, बाल्टिमोर शहरातला. घरी विम्याचा व्यवसाय, अंगात खेळाडूपण आणि तारुण्यात जडलेले दारूचे व्यसन. या व्यसनाने त्यांच्या आयुष्यातली उमेदीची वर्षे खाल्ली. त्यांनी दारू सोडली आणि आयुष्य नव्याने मांडले ते चाळिशीच्या आसपास, म्हणजे ज्या वयात माणसे स्थिरस्थावर झालेली असतात त्या वयात. पत्नी मेरी या नव्या पर्वात कायम सोबत होत्या. प्रवासातही आणि पाण्यावरही. ब्रुक्स यांच्या पुढच्या पंचवीस वर्षांतील झपाटा पाहिला की हरवलेल्या वर्षांची भरपाई चालली होती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

१९४७ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण ठरले. फ्लॉरिडाच्या उथळ पाण्यात, जिमी ऑलब्राइट या वाटाड्याच्या होडीतून, त्यांनी बोनफिश हा अत्यंत बुजरा मासा ठरवून फ्लायवर धरून दाखवला. त्याच वर्षी एका स्थानिक वृत्तपत्रातील स्तंभासाठी ते बर्नार्ड ऊर्फ लेफ्टी क्रे या महायुद्धाहून परतलेल्या तरुणाला भेटायला गेले. दोघे हार्पर्स फेरीजवळ पोटोमॅक नदीवर मासेमारीला गेले. वारा होता. साधा रॉड वापरणाऱ्या क्रे यांना ब्रुक्स यांच्या त्या नाजूक सरंजामाविषयी शंकाच होती. इतक्यात नदी ओलांडणाऱ्या उडत्या मुंग्या पाण्यावर पडू लागल्या आणि त्या टिपणाऱ्या माशांची वर्तुळे उमटली. ब्रुक्स यांनी त्या वर्तुळांत एक काळी फ्लाय अलगद टाकली. एकामागून एक मासे लागत गेले. क्रे लगोलग बाल्टिमोरला पोहोचले. ब्रुक्स यांनी त्यांना टॉकटरमन यांच्या दुकानात नेऊन रॉड आणि रीळ घ्यायला लावले आणि हेरिंग रन पार्कच्या हिरवळीवर फेकीचा पहिला धडा दिला. हे क्रे पुढे अमेरिकेतील सर्वांत नावाजलेले फ्लाय-शिक्षक झाले.

पुढच्याच वर्षी, १९४८मध्ये, ऑरेगन राज्यातील कूस बे परिसरात ब्रुक्स यांनी २९ पौंड ६ औंसांचा, म्हणजे तेरा किलोंहून अधिक वजनाचा स्ट्राइप्ड बास फ्लाय रॉडवर धरला. तो विक्रम ठरला. गंमत अशी की हा मासा मुळात पश्चिम किनाऱ्याचा नव्हेच. १८७९मध्ये न्यू जर्सीच्या नेव्हसिंक नदीतील शंभर-सव्वाशे पिल्ले रेल्वेने कॅलिफोर्नियात नेऊन सोडली गेली आणि त्यांचा वंश किनाऱ्याने उत्तरेकडे पसरला.

ब्रुक्स यांची खरी देणगी मात्र त्या विक्रमात नाही, तर 'ब्लाँड' या फ्लायच्या मालिकेत आहे. ती त्यांनी साठच्या दशकाच्या आरंभी लोकांसमोर आणली. तिचे साहित्य मोजकेच: मोठा गळ, पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस, रुपेरी जर आणि दोरा. गळ लहानशा शिकंज्यात घट्ट धरायचा. केसांचा एक झुपका दांड्याच्या मागच्या टोकाला, बाक सुरू होतो तिथे बांधायचा. दांड्यावर जर गुंडाळत पुढे यायचे. दुसरा झुपका नेढ्याच्या मागे, किंचित तिरपा बांधायचा, दोऱ्याची गाठ मारायची आणि गाठीवर लाख लावायची. बस्स. संपूर्ण पांढरी ती प्लॅटिनम ब्लाँड, पिवळी ती हनी ब्लाँड. दोन झुपक्यांमुळे मोठ्या मासळीचा आकार मिळतो, पण भिजल्यावर ती फ्लाय हवेत जड होत नाही.

नवशिक्याच्या चुकाही याच फ्लायवर कळतात. पहिली चूक हमखास केस जास्त घेण्याची. झुपका विरळ असला तरच तो पाण्यात श्वास घेतल्यासारखा हलतो. दुसरी, दोरा एकदम आवळण्याची; मग केस दांड्याभोवती फिरतात. दोन सैल वेढे देऊन मग ताण द्यायचा. शेपटीच्या बुडाकडचे केस पोकळ असतात, ते दाबाखाली फुलतात. टोकाकडचे त्या मानाने सरळ राहतात. तिसरी चूक म्हणजे नेढ्यापर्यंत केस नेऊन दोरी ओवायलाच जागा न ठेवणे. ही चूक एकदाही न केलेला माणूस विरळाच. तिच्यापायी फार तर एक गळ आणि चिमूटभर केस वाया जातात, आणि ब्लाँडचा मोठेपणा इथेच आहे. महागडी पिसे आणि वर्षांची तपश्चर्या मागणाऱ्या जुन्या सॅमन फ्लायशेजारी ती ठेवली की फरक ध्यानात येतो.

'सॉल्ट वॉटर फ्लाय फिशिंग' हे त्यांचे पुस्तक १९५०चे. मायामीच्या मोठ्या मासेमारी स्पर्धेचे व्यवस्थापकपद त्यांनी सांभाळले. १९६४मध्ये ते क्रे यांच्याकडे आले. 'आउटडोअर लाइफ' मासिकाचे ते मासेमारी-संपादक झाले, दूरचित्रवाणीवरही झळकले. त्यांचा 'ट्राउट फिशिंग' हा ग्रंथ १९७२चा. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. समुद्रापासून शेकडो मैल दूर, मोंटानातील पॅरडाइज व्हॅलीत त्यांचे दफन झाले.

त्यांच्यानंतर स्ट्राइप्ड बासवर वाईट दिवस आले. बेसुमार पकडीने त्याची संख्या इतकी घटली की १९८५मध्ये मेरीलँड राज्याला त्याच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घालावी लागली. ती १९९०मध्ये उठली. १९९१मध्ये अमेरिकी टपाल खात्याने फ्लायची चित्रे असलेली २९ सेंटची तिकिटे काढली. त्यांतील एका तिकिटावर होती 'डिसीव्हर', क्रे यांनी चेसापीकच्या रॉकफिशसाठी बांधलेली फ्लाय.